आठव्या गाण्यातली गुणगुण

ल्यूकन, डब्लिन
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,

नमस्कार.

इतकी वर्षं पत्र नाही, फोन नाही, याची आधी माफी मागते. तेरा वर्षं झाली. मधे आई गेली तेव्हा आपण दहा-बारा दिवस एका घरात होतो, पण तेव्हाचं बोलणं म्हणजे चादरी कुठे आहेत, गुरुजी किती वाजता येणार, एवढंच. ते मी धरत नाही. तूही धरत नसशील. कामाच्या व्यापात लिहायला वेळ मिळाला नाही.

शेवटच्या वाक्यावर मी रेघ मारली आहे, बघ. मी जिथे काम करते तिथे औषधं बनतात आणि मी त्यांचे कागद तपासते. आमच्याकडे चुकीचं लिहिलेलं खोडून नाहीसं करायला बंदी आहे. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते लिहायचं आणि सही-तारीख टाकायची. सोळा वर्षं हेच करतेय. तेव्हा: वेळ होता, धीर नव्हता. प., १२/१०/२५.

आम्ही ठीक आहोत. अभिजित अजून त्याच सरकारी हॉस्पिटलात भूल देतो आणि घरी येऊन सोफ्यावर स्वतः भूल दिल्यासारखा पडतो. माझे गुडघे कुरकुरतात. भाऊजींची शुगर आटोक्यात आहे ना? संकेतला बंगळूरला नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं. तू शाळेतून निवृत्ती घेतलीस असंही ऐकलं. पेटी अजून घरी शिकवतेस का?

स्वराली एकवीस वर्षांची झाली. ती गाणी लिहिते, चाली लावते, स्वतःच गाते. इंडी-पॉप म्हणतात त्याला. मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय चार मित्रांनी मिळून केलेलं गाणं. पूर्ण नाव इथल्या जिभेला झेपत नाही म्हणून लोक तिला 'राली' म्हणतात. गेल्या महिन्यात तिचा पहिला अल्बम आला. नाव 'गुड रूम'. इथल्या जुन्या घरांत पाहुण्यांसाठी एक खोली नीटनेटकी ठेवून बंद केलेली असते, घरचं माणूस तिथे बसत नाही. तिला म्हणतात गुड रूम. मी म्हटलं, आपल्या घरात कुठे आहे अशी खोली? तर म्हणाली, "तूच आहेस ना, मॅम." (इथे आईला मॅम म्हणतात.) आणि हसली. मीही हसले. तिचं ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवलंय. त्याखाली अजून काही लिहिता आलेलं नाही.

अल्बमवर समीक्षणं आली. पहिल्याच अल्बमवर येतील त्याहून बरीच जास्त. मी सगळी वहीत चिकटवली आहेत. त्यातली चार तुझ्यासाठी मराठीत उतरवून या पत्रासोबत ठेवतेय. शब्द मऊ केलेले नाहीत.

पहिलं एका मोठ्या दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीतलं. पाचपैकी चार तारे. "या मुलीला कुठे थांबायचं ते कळतं. आठव्या गाण्यात, जिथे दुसऱ्या कुणीही शब्द भरला असता, तिथे ती नुसती गुणगुणते. इतका संयम या वयात दुर्मीळ." दुसरं एका वेबसाइटवरचं. दहापैकी सहा पूर्णांक एक. "आठव्या गाण्यात दर ओळीला शब्द संपतात आणि 'हं हं' सुरू होतं. अर्धा राहिलेला गृहपाठ." स्वराली दिवसभर त्या पूर्णांक एकवर हसत होती. "तो एक कशाचा, मॅम? माझ्या केसांचा?" तिसरं एका प्राध्यापकांचं. ते म्हणतात की ही गुणगुण म्हणजे गुलामीत मुक्या केल्या गेलेल्या पिढ्यान् पिढ्यांच्या स्त्रियांचं मौन आहे. त्यावर ती म्हणाली, "युअर मॅन हॅज नेव्हर मेट माय मदर." इथे कुठल्याही अनोळखी पुरुषाला 'युअर मॅन' म्हणायची पद्धत आहे. तिचं म्हणणं, माझ्यासारख्या बडबड्या बाईच्या घराण्यात मौन कुठून आलं!

चौथ्याकडे मी येते. येणं भाग आहे.

पण तुझ्या लक्षात आलं असेल, सगळे आठव्या गाण्यापाशीच थांबतात. अल्बममध्ये दहा गाणी आहेत. नऊ तिने रचली, त्यांच्यावर दोन वर्षं घालवली, कॉफीच्या दुकानात उभी राहून कमावलेले पैसे घातले. दुसऱ्या आठवड्यात ती मला म्हणाली, इंग्रजीत, पण मी तुला मराठीत सांगते: "नऊ माझी आहेत. सगळ्यांना आवडतं ते एकच, जे माझं नाही." गाण्यांच्या यादीत आठव्याखाली छापलंय: 'पारंपरिक, मराठी. आईकडून मिळालेलं अंगाईगीत.'

ताई, ते पारंपरिक नाही. अंगाईगीतही नाही.

ऊन आलं गं खिडकीपाशी, … उठली का?
झबलं वाळलं दोरीवरती, … न्हाली का?

तू कदाचित अल्बमचा विषय निघाला तेव्हाच ओळखलं असशील. तरी मला ते कागदावर आणायला हवं. हे गाणं तू रचलंस, शब्द आणि चाल दोन्ही, २००१ च्या फेब्रुवारीत, मिरजेला, हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काचेबाहेर उभी राहून. शेजारी मी होते. माझी एम.एस्सी.ची परीक्षा तोंडावर होती आणि मी पुस्तकं घेऊन तुझ्याकडे आले होते. तुझी मुलगी आत काचेच्या पेटीत, इनक्युबेटरमध्ये होती. पेटीवरच्या चिठ्ठीवर 'अलकनंदा यांची मुलगी' एवढंच लिहिलेलं. काचेतून तिला काही ऐकू जात नव्हतं हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. तू गायचीस. झोपवायला नाही, ती झोपूनच असायची. तू तिला उठवत होतीस.

बारसं बाराव्या दिवशी करायचं, तिथेच, पाळण्याशिवाय, असं तू ठरवलं होतंस. नाव कुणाला सांगितलं नव्हतंस. भाऊजींनाही नाही. "बाराव्याला कळेल सगळ्यांना," म्हणायचीस. मला कळलं ते गाण्यातून, कारण गाण्यात ते चार वेळा यायचं.

ती अकराव्या दिवशी गेली.

चिठ्ठी होती तशीच राहिली. त्या नावाचा जगात कुठेही कागद नाही. ते कुणी तिच्या कानात सांगितलं नाही. ते फक्त त्या गाण्यात होतं. तिसऱ्या दिवशी तू मला स्वयंपाकघरात म्हणालीस, "पमे, हे आता कुणी म्हणायचं नाही. तूसुद्धा." मी म्हटलं, नाही म्हणणार. संकेत झाला तेव्हासुद्धा तू ते गायली नाहीस. मला माहीत आहे, कारण मी कान देऊन होते.

२००४ मध्ये आम्ही लिमरिकला होतो. स्वराली सहा आठवड्यांची होती आणि सहाही आठवडे रडत होती. अभिजितच्या ड्युट्या छत्तीस-छत्तीस तासांच्या. शेजारीण डोकावून म्हणायची, "यू'र ग्रँड, यू'र डुइंग ग्रँड," म्हणजे छान चाललंय तुझं, आणि मला कळायचं नाही की ही कुणाबद्दल बोलतेय. मला येत होती ती सगळी गाणी मी म्हणून बघितली. एका दुपारी तोंडातून ते आलं. ती गप्प झाली. माझ्याकडे बघत राहिली. मग मी रोज म्हणू लागले. नाव मात्र मी गाळलं. तुझा मान राखायचा म्हणून नावाच्या जागी नुसतं गुणगुणले. ती गुणगुण ऐकतच ती मोठी झाली.

आणि मग २०१२ ची मे महिन्याची सुट्टी. सांगलीला आईकडे आपण भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. आठ वर्षांची स्वराली दारात बसून गुणगुणायला लागली. तुझा हात थांबला. "हे हिला कोणी शिकवलं?" तू मला विचारलंस, तिला नाही. मी म्हटलं, "शाळेत शिकली असेल. आयरिश आहे काहीतरी."

तू म्हणालीस, "असेल."

शेंगा सगळ्या फोडल्यास. टरफलं उचललीस. जेवायला न थांबता घरी गेलीस. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा जे बोललीस ते मी जसंच्या तसं वहीत लिहिलंय: "गाणं तोंडातून गेलं असेल, ते मी समजू शकले असते. तू माझ्या तोंडावर त्याला परकं म्हणालीस." त्यानंतर तू माझा फोन उचलला नाहीस.

हे सगळं तुला माहीतच आहे. आता तुला माहीत नाही ते.

इथे गाणाऱ्यांची एक रीत आहे. जुनी गाणी म्हणणारे लोक संध्याकाळी एखाद्या पबच्या मागच्या खोलीत गोल बसतात. वाद्यं नसतात. ज्याची पाळी येते तो आधी सांगतो की हे गाणं मला कुणाकडून मिळालं. क्लेअरच्या अमक्या बाईंकडून, माझ्या वडिलांच्या मामाकडून, तमक्या खेड्यातल्या पोस्टमनकडून. मगच गातो. कुणी सांगायचं विसरला तर बाकीचे विचारतात, प्रेमाने, पण विचारतात. स्वराली सोळा वर्षांची असताना तिच्या शाळेतल्या बाई तिला तिथे घेऊन जाणार होत्या. ती स्वयंपाकघरात आली. मी प्रेसमध्ये, म्हणजे इथे कपाटाला प्रेस म्हणतात, डबे लावत होते. ती म्हणाली, "आई, ते ऊनवालं गाणं म्हणू का? पण मला सांगावं लागेल, तू कुणाकडून घेतलंस?"

एवढाच प्रश्न. उत्तर दोन शब्दांचं होतं: अलका मावशीकडून. पण मग तिने विचारलं असतं, कोणती मावशी? आपण तिच्याशी बोलत का नाही? त्या गुणगुणीत काय आहे? मी कपाटात डोकं घालूनच म्हणाले, "पारंपरिक आहे गं. जात्यावरचं. माझ्या आजीची आई म्हणायची."

आपली पणजी जात्यावर कधी बसली होती का, ताई? ती तर मामलेदाराची बायको होती, तिच्याकडे दळायला बाई यायची.

पोरीने ते जपून ठेवलं. ते सांगून ती त्या खोलीत गायली, मग कॉलेजात, मग कॉर्कला, गॉलवेला. अल्बम आल्यापासून दोन मुलाखतींत तिने पणजीचं जातं सांगितलंय. एकीत तर ती पणजी पहाटे उठते. ते मी सांगितलं नव्हतं. तिने मायेने घातलं.

आता चौथं समीक्षण. ब्रीद कॉस्टिगन नावाच्या बाई आहेत, साठीच्या, लिमरिकजवळ राहतात. त्या तीस वर्षं खेडोपाडी फिरून जुनी गाणी गोळा करताहेत. एका मासिकात लिहितात आणि दर मंगळवारी सकाळी अकराला त्यांचा रेडिओवर कार्यक्रम असतो. त्यांनी पहिल्या सात गाण्यांबद्दल चांगलं लिहिलंय, नवव्याला कंटाळवाणं म्हटलंय, आणि मग:

"आठवं गाणं म्हणे अंगाई. मला ही भाषा येत नाही. पण प्रत्येक ओळ शेवटी वर चढते, प्रश्न विचारल्यासारखी. मुलाला झोपवायला प्रश्न कोण विचारतं? आणि 'पारंपरिक'? पारंपरिक गाणं शंभर तोंडांतून आलेलं असतं, त्याच्या कडा झिजलेल्या असतात. याच्या कडा अजून हाताला लागतात. हे एका कुणीतरी बाईने, एका कुठल्यातरी ठिकाणी, एका कारणासाठी रचलंय. गुणगुणीबद्दल बरंच लिहिलं गेलं. मला तो संयमही वाटत नाही आणि आळसही. चारही वेळा तेवढ्याच मात्रा, तोच चढ. तिथे कुणाचं तरी नाव होतं. राली गुणी आहे आणि प्रामाणिक वाटते. म्हणून तिला आमचा नेहमीचा प्रश्न विचारते: हे तुला कुणाकडून मिळालं?"

ताई, सांगलीपासून सात-आठ हजार किलोमीटरवर, आपली भाषा न कळणाऱ्या एका बाईने तुला ओळखलं. मी हे कंपनीच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून वाचलं. मग आत गेले आणि एका कागदावर सही करताना तारीख चुकवली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. वरिष्ठ बाई म्हणाल्या, काही नाही, रेघ मार. मी रेघ मारली आणि बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

गेल्या रविवारी स्वराली घरी आली होती. हातात ते मासिक. बसलीसुद्धा नाही.

"तिला वाटतंय मी गाणं रॉब केलं, मॅम."

"तसं कुठे लिहिलंय तिने?"

"तसंच लिहिलंय. फक्त छान लिहिलंय." मग मराठीत, जे ती आता क्वचित बोलते: "आई, खरं सांग. कुणाकडून घेतलंस तू?"

दोन वर्षांपूर्वी इथल्या एका गायकाने दुसऱ्या कुणाचं गाणं नाव न सांगता रेकॉर्ड केलं होतं, तेव्हा स्वरालीने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. "पैसे चोरलेस तर परत देता येतात," म्हणाली होती. ते मला आठवलं. आणि ते आठवूनसुद्धा मी म्हणाले, "सांगितलं ना एकदा. माझ्या पणजीकडून."

तिने मासिक मिटलं. मग म्हणाली, "ग्रँड." बॅग उचलली. दारातून म्हणाली की त्या ब्रीदबाईंनी तिला रेडिओवर बोलावलंय, मंगळवारी चौदा तारखेला, थेट प्रक्षेपण, आणि ती जाणार आहे. "मी त्यांना तुझ्या पणजीबद्दल सगळं सांगणार. शी'ल सी."

म्हणजे परवा. परवा सकाळी अकरा वाजता माझी मुलगी, जिला खोटं बोलता येत नाही, तीस वर्षं गाण्यांचा माग काढणाऱ्या बाईसमोर माझं खोटं तोंडभरून सांगेल. ती बाई दुसरा प्रश्न विचारेल, तिसरा विचारेल. आणि स्वरालीला रेडिओवर, सगळ्यांच्या देखत कळेल की आपली आई काय आहे.

अभिजितला मी अर्धं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, बहिणीची चाल, घरातलीच गोष्ट. पोलीस येणार आहेत का?" उरलेलं अर्धं मी त्याला सांगितलं नाही. गेला आठवडा मी जेवणाच्या ताटाशी बसते आणि उठते. गाडीत ते गाणं लावते, पहिल्या गुणगुणीपाशी बंद करते, पुन्हा पहिल्यापासून लावते. तुला दया यावी म्हणून हे लिहीत नाहीये. कदाचित म्हणूनच लिहीत असेन. मला स्वतःचं आता नीट कळत नाही.

इथवर लिहून मी चहा करायला उठले आणि गॅसपाशी उभी असताना माझ्या लक्षात आलं की मी काय करतेय. हे पत्र आणि अल्बम मी उद्या पोस्टात टाकणार होते. तुझ्या हातात पडायला दहा-बारा दिवस. तुला विचारल्याचं पुण्य मला, आणि तुझं 'नाही' यायच्या आत सगळं होऊन गेलेलं. मला परवानगी मागायची होती ती अशी. लिमरिकलाही मी असंच मनातल्या मनात तुला विचारलं होतं आणि तुझ्या वतीने हो म्हटलं होतं.

म्हणून पत्र पुरं झालं की लगेच पानांचे फोटो काढून भाऊजींच्या व्हॉट्सअॅपवर पाठवते. तुमच्याकडे आता संध्याकाळ असेल. भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा, आणि फोन ताईच्या हातात द्या.

फोटो काढण्याआधी अजून एक दुरुस्ती. ही मी आठवडाभर टाळतेय. खरं तर एकवीस वर्षं.

वर लिहिलंय, 'तुझा मान राखायचा म्हणून'. त्यावर रेघ मारली आहे. खालचं तुला वाचता येईल. खरं असं आहे: पहिल्या दुपारी मी ते गाणं नावासकट म्हटलं. दोनदा म्हटलं. स्वराली माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि त्या नावाला तिने हुंकार दिला. लहान मुलं देतात तसा. मला वाटलं, अकरा दिवसांत गेलेल्या मुलीचं नाव मी माझ्या मुलीला लावतेय. ते नाव तिला चिकटेल. मी एम.एस्सी. झालेली बाई, ताई. मी तिला उचललं, मोरीत नेऊन तिचे हातपाय धुतले. दुसऱ्या दिवशी गाणं म्हटलं, कारण त्याशिवाय ती गप्प होत नव्हती, पण नाव काढून टाकलं. तुझा मान मनातही नव्हता. मला तुझ्या मुलीची भीती वाटली. तुझ्या मुलीची, जिला मी काचेतून अकरा दिवस बघितलं होतं, जिचा डावा अंगठा सारखा मुठीत असायचा. तिचं नाव जगात जिथे होतं त्या एकाच जागेतून मी ते पुसलं. रेघसुद्धा मारली नाही. पुसलं. आणि वर्तमानपत्रवाले त्याला संयम म्हणताहेत. प., १२/१०/२५.

आता काय करायचं ते मी पुष्कळ उलटसुलट करून पाहिलं. खोटं माझं आहे, तेव्हा ते स्वरालीला सांगायला मला तुझी परवानगी लागत नाही. तिथे परवानगीची वाट बघणं म्हणजे पळवाट. ती उद्या जेवायला येणार आहे. तिला सांगेन की गाणं अलका मावशीने रचलं, ती जिवंत आहे, सांगलीत राहते, आणि पणजीचं जातं मी रचलं. मावशीने ते का रचलं, ते सांगायचं की नाही हे तू ठरव. काचेबद्दल, अकरा दिवसांबद्दल, तू हो म्हटल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द जाणार नाही. 'नको' अशी दोन अक्षरं भाऊजींच्या फोनवरून आली तरी पुरे. काहीच आलं नाही तर मी ते 'नको'च समजेन. तुझ्या गप्प राहण्याचा मला सोयीचा अर्थ पुन्हा लावणार नाही.

गाणं यापुढे गायलं जाऊ नये असं तू म्हणालीस तर तेही तिला सांगेन. ती ऐकेल असं वचन मात्र देत नाही. एक वचन मोडून बसलेली बाई दुसऱ्याच्या वतीने कसलं वचन देणार? पण ती माझ्यापेक्षा सरळ आहे. मला वाटतं, ती ऐकेल. मला वाटतं, त्यानंतर बराच काळ ती माझ्याकडे जेवायला येणार नाही.

अल्बमच्या एका प्रतीवर, आतल्या पानावर, आठव्या गाण्याखाली मी 'पारंपरिक' आणि 'अंगाईगीत' या दोन्ही शब्दांवर रेघ मारली आहे. शेजारी लिहिलंय: 'शब्द व चाल: अलकनंदा.' सही, तारीख. ती प्रत टपालाने येईल. जगात एवढी एकच प्रत आज बरोबर आहे, आणि ती तुझी आहे.

एक सांगायचं राहिलं. या पत्रात मी ते नाव एकदाही लिहिलेलं नाही. या वेळी भीतीने नाही. पानं भाऊजींच्या हातून जातील आणि त्यांना ते तू कधी सांगितलं होतंस की नाही, मला माहीत नाही. ते सांगायचा हक्क तुझा आहे, बारसं तू ठरवशील त्या दिवशी. मला ते आठवतंय, एवढंच कळवते. ओळीत ते जिथे होतं तिथे मी टिंबं दिली आहेत आणि लिहिताना प्रत्येक टिंबापाशी मनात पूर्ण म्हटलं आहे.

तुझी (हा शब्द खोडायचा असेल तर तू खोड, माझ्याच्याने होत नाही)
पमी

उद्या: स्वरालीचं ताट वाढण्याआधी तिला सांगणे.